भावानं बसवलेलं सील

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस उरले होते, आणि कोकिळाच्या ट्रॅक्टरचं पुढचं डावं चाक म्हाताऱ्याच्या मानेसारखं लटलटत होतं.

धुळ्यापासून अठरा किलोमीटरवरच्या गावातून ती उजाडता उजाडता निघाली. पारोळा रोडवर कादरभाईंच्या गॅरेजपाशी पोचली तोवर चहाच्या टपरीपुढं मारलेलं पाणीसुद्धा वाळून गेलं होतं. सबंध रस्ताभर दुसऱ्या गिअरच्या वर तिनं गाडी नेली नाही. डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल, मडगार्डला दोरीनं बांधलेली कपड्यांची बॅग, आणि टॉवेलाखाली ओठ आपले गुणगुणत होते. आखाजी जवळ आली की तिचे ओठ गप्प बसत नसत.

आखाजीनं उन्ह बाई, सडकवर पानी दिसे,
त्याच पानीमातून मन्हा भाऊ येता दिसे.

चाल सासूची, शब्द तिचे. आणि आज भाऊ खरोखरच येणार होता. रावेरजवळच्या गावाहून प्रेमराज स्वतःची गाडी घेऊन निघाला होता, बहिणीला आखाजीला माहेरी न्यायला. दुपारी इथूनच, गॅरेजवरून, दोघं पुढं जाणार होते. उद्या रावेरच्या रजिस्ट्री ऑफिसात हक्कसोड पत्रावर कोकिळाची सही, आणि मग आखाजी, कडुलिंबाचा झोका, गौराईची गाणी, वहिनीच्या हातची पुरणाची पोळी.

सहीचं तिला काही वाटत नव्हतं. आबा गेल्यावर केळीच्या त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर दोन नावं चढली होती, प्रेमराजचं आणि तिचं. आबांच्या तेराव्याला चार माणसं बसलेली असताना ती आपण होऊन म्हणाली होती, ‘भाऊ, तू म्हणशील तेव्हा माझं नाव काढून घे.’ आणि त्याच दिवशी, त्याच माणसांसमोर, प्रेमराजनं आबांचा जुना लाल ट्रॅक्टर तिच्या नावानं अंगणात उभा केला होता. ‘पुढची दोन्ही चाकं नवी करून आणली, कोकिळे. हब नवे, बेरिंग नवे, सील नवे. आबा सांगून गेले होते, पोरीला द्यायची वस्तू धड करून दे.’ बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. केळीच्या एका रिकाम्या ट्रकात चढवून तो ट्रॅक्टर धुळ्याकडं आला, तेव्हा कोकिळानं त्याला वेशीवर ओवाळून घेतलं होतं, जसं पोळ्याला बैलाला ओवाळतात तसं.

त्याला आता चार वर्षं झाली.

कादरभाई साठीचे. दाढी पांढरी, बोटांच्या रेषांमधलं काळं मात्र कुठल्या साबणानं गेलेलं नाही. त्यांनी पुढच्या ॲक्सलखाली जॅक लावला, खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि चाक वर-खाली दोन हातांनी धरून हलवलं. आतून खट्ट खट्ट आवाज आला.

“हाई काम कोनी कयं, बहीन?”

“मन्हा भाऊनी. रावेरले. बठ्ठं नवं टाकेल शे, हब, बेरिंग, सील.”

“नवं?” कादरभाईंनी पुन्हा चाक हलवलं. “नवं चार वरीसमा आसं नाचत नही.”

“आमनी वावरं खराब शेत ना, कादरभाई. आनि तो डायवर व्हता ना मन्हा, कौतिक, तो बांधवर दनादन आपटे. त्यानंच हाई करेल शे बठ्ठं.”

हे बोलताना तिचा आवाज जरा चढला. कौतिकचं नाव आलं की तो चढायचाच. तीन वर्षं तो तिच्याकडं होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर म्हणाला होता, ‘अक्का, पुढलं चाक डुगडुगस. एकदा उघाडी देखूत.’ तिनं त्याला झापलं होतं. भावानं नवं करून दिलेलं चाक डुगडुगतं म्हणजे काय? दुसऱ्या वर्षी तो पुन्हा बोलला. तिसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर चाक नांगराच्या तासात वाकडं ओढू लागलं, तेव्हा तिनं सगळ्या वस्तीसमोर त्याला सुनावलं, ‘हात तुन्हा वाकडा शे, चाक नही,’ आणि कामावरून काढून टाकलं. नंतर ती स्वतःच ट्रॅक्टर शिकली. नवरा रुपचंद एसटीत कंडक्टर, धुळे डेपोला. तो आठवड्यातून चार रात्री मुक्कामी गाडीवर. घर, शेत, ट्रॅक्टर, सगळं तिच्याच हातात.

कादरभाईंनी चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या तोंडावरची लोखंडी टोपी बघितली. टोपीवर लाल रंग होता, आणि टोपी जिथं हबला भेटते त्या सांध्यावरूनही तो रंग सलग गेलेला होता.

“रंग देखा? सांधामा कोठेच फुटेल नही. लावा त्या दिनपासून हाई कोनी उघाडंच नही.”

“कोन उघाडी?” कोकिळा हसली. “भाऊनी दियेल वस्तू शे ती.”

तिच्याकडं तशी रीतच होती. माहेरून आलेलं धान्य मापून घेत नाहीत, लुगडं उलगडून भोक शोधत नाहीत. भावानं पाठवलं ते कपाळाला लावायचं आणि घरात घ्यायचं. कोणी बाई भावाची वस्तू तपासायला लागली, तर तिला लोक काय म्हणतील?

कादरभाईंनी छन्नीनं टोपी उचकटली. आत पिवळं ग्रीस होतं, छान, लोण्यासारखं. कोकिळाला बरं वाटलं. त्यांनी बोटानं ते काढलं. फक्त टोपीपुरतंच होतं. त्याच्या मागं डांबरासारखा काळा लगदा लागला, आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

कादरभाई थांबले. मग पकड घेऊन त्यांनी नटमधून एक वाकवलेला खिळा ओढून काढला आणि तळहातावर ठेवला.

“आठे पिन पाहिजे व्हती. नट फिराले नको म्हनीसन पिन टाकतस. हाऊ तर घरमा भिंतले ठोकतस तो खिळा शे.”

कोकिळानं तो खिळा उचलून पाहिला. तिला वाटलं, मेकॅनिकनं भावाला फसवलं असणार. रावेरचे मेकॅनिक. भाऊ बिचारा भोळा.

नट निघाला, वॉशर निघाला, बाहेरचं बेरिंग निघालं. त्याचे रोलर चाटून उरलेल्या गुळाच्या खड्यांसारखे झिजलेले होते. कादरभाईंनी चाकासकट हब ओढून खाली घेतला. आतली कटोरी, म्हणजे बेरिंग ज्यात बसतं ती पोलादी कडी, हबात घट्ट बसायला हवी. ती बोटानं फिरत होती. तिच्या भोवती पत्र्याची एक पट्टी गुंडाळून कोंबलेली होती. पट्टीवर अजून तेलाच्या डब्यावरच्या सूर्यफुलाची एक पाकळी शिल्लक होती.

“हब आतून खावाई जायेल व्हता,” कादरभाई हळू आवाजात म्हणाले. लहान पोराला दुखणं सांगावं तसं. “तव्हयच. तेना इलाज लेथवर करतस, आत बुश बसाडतस. हाई पत्रा लाईसन बसाडेल शे.”

“आनि सील?”

ऑइल सील हबच्या पाठीमागं, अगदी आत असतं. ग्रीस बाहेर जाऊ देत नाही, चिखलपाणी आत येऊ देत नाही. रबराची एवढीशी कडी, पण तिच्यावरच चाकाचा जीव. कादरभाईंनी हब उलटा केला. रबर नव्हतं. त्या जागी कापडाचा पीळ घालून, गोल फिरवून ठोकून बसवलेला होता. पकडीनं त्यांनी तो हळूहळू ओढला. आतड्यासारखा तो लांबत लांबत आला. हातभर कापड. त्यांनी तो डिझेलच्या घमेल्यात टाकला.

का कुणास ठाऊक, कोकिळानं खाली बसून हात त्या घमेल्यात घातला. कापड दिसलं की ते पिळायचं, उलगडायचं, ही बाईच्या हाताची सवय. डिझेलमध्ये तिनं ते चोळलं. काळं सुटत गेलं. एक बारीक काठ दिसायला लागला. धोतराचा. मग काठाच्या जवळ, दोन बोटं लांब, निळ्या दोऱ्याची तिरपी शिवण.

तिचे हात घमेल्यातच राहिले.

आबांच्या शेवटच्या महिन्यात ती माहेरी होती. खाटेच्या खिळ्यात अडकून आबांचं धोतर फाटलं. डब्यात पांढरा दोरा नव्हता. तिनं निळ्यानं शिवलं. आबा अंथरुणातून हसले, म्हणाले, ‘कोकिळे, पांढऱ्या वावरातून पाट काढला की तू.’ तिरपे टाके घालायची खोड तिचीच. शाळेतल्या बाईंनी त्यावर छड्या मारल्या होत्या. सगळ्या खान्देशात अशी शिवण दुसरी कोण घालणार?

“काय झायं, बहीन?”

“मन्हा बापनं धोतर शे,” ती म्हणाली.

कादरभाई उकिडवे बसले होते ते तसेच बसून राहिले. मग त्यांनीच तिच्यासाठी एक वाट काढून दिली. “चिंधी म्हनीसन ट्रॅक्टरमा पडेल व्हई. मेकॅनिकना हातले लागनी, त्यानी कोंबी दिन्ही. आसंबी व्हस.”

ती वाट कोकिळानं घेतली. दोन पावलं चाललीही त्या वाटेनं. तेवढ्यात तिला कौतिक आठवला, आणि पाय थबकले. हा खिळा, हा पत्रा, ही चिंधी पहिल्या दिवसापासून आत होती. कौतिकचा हात वाकडा नव्हता. त्यानं तीन वर्षं हे चाक सांभाळून चालवलं होतं, म्हणून ती आज इथं धड बसली होती.

तिनं पदराला हात पुसले आणि कौतिकच्या घरी फोन लावला. त्याची बायको ताईबाई बोलली.

“कौतिक शे का घरमा?”

“तो कथाईन ऱ्हाई, अक्का? सुरतले गया ना. साडीसन्या मिलमा. तुम्ही काढं त्यानंतर गावमा कोनी ट्रॅक्टर देयेच ना त्याले. हात वाकडा शे म्हनेत.”

“ताईबाई...”

“काय काम व्हतं?”

“काही नही. त्याले सांग, चाक उघाडं. तो सांगे तेच खरं व्हतं.”

पलीकडं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला. “सांगसू,” ताईबाई म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुपारी बाराच्या सुमाराला प्रेमराजची पांढरी गाडी हॉर्न वाजवत आत आली. उतरला तोच हसत. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात केळीच्या वेफर्सची मोठी पिशवी, बहिणीच्या आवडीची. आधी त्यानं मडगार्डची दोरी सोडून तिची बॅग उचलली आणि डिकीत ठेवली. न्यायला आलेल्या भावानं बहिणीचं ओझं पहिलं उचलायचं असतं.

“चाल वं, कोकिळे! वहिनी सकाळधरून तीनदा फोन करू राह्यली. झोका बांधला, म्हने, अन् बसनारी कुठी हाय?”

“ये ना, प्रेमराज. जरा हे पाह्य.”

प्रेमराजच्या गावची बोली वेगळी, धुळ्याची वेगळी. भाऊ समोर आला की कोकिळाची जीभ आपोआप तिकडं वळायची. आजही वळली, आणि तिचं तिलाच त्याचं वाईट वाटलं.

त्यानं गोणपाटावर मांडलेल्या वस्तू बघितल्या. खिळा, पत्रा, बेरिंग. क्षणभर त्याची नजर घमेल्यावर थांबली, आणि मग तो कादरभाईंकडं बघून हसला. “चालायचंच. जुनी गाडी हाय. काय खर्च होईल तो मी देतो, मिस्त्री.”

“खर्चाचं नही विचारलं मी. हे कोन्या मेकॅनिकनं केलं?”

“आता नाव कुठं ध्यानात राह्यते? चार वर्सं झाले.”

कोकिळानं घमेल्यातून ते कापड वर काढलं. डिझेल तिच्या कोपरावरून ओघळलं. निळी शिवण तिनं त्याच्या समोर धरली.

“मेकॅनिककडं आबाचं धोतर कसं गेलं?”

प्रेमराजनं रस्त्याकडं बघितलं, ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबला. मग त्यानं मान हलवली, आणि पुन्हा हसला. लहानपणी दोघांनी मिळून केळीच्या वखारीतून घड पळवला होता, पकडल्यावर तो असाच हसला होता.

“बरं बाप्पा. घरीच केलं. मी अन् सालदारानं. केळीची कापनी चालू होती, ट्रक दारात उभे. मेकॅनिक म्हने आठ दिवस लागतीन. तेरावं परवावर. चार मानसात तुले ट्रॅक्टर देतो म्हनून मी बोलून बसलो होतो. मंग काय करू?”

“सांगायचं होतं मले.”

“सांगितलं असतं तं शोभा राह्यली असती का त्या दिवशी?”

“तू तं सगळं नवं म्हनला. एकेक नाव घेऊन म्हनला. हब नवे, बेरिंग नवे, सील नवे.”

“अवं, म्हनायचं म्हनून म्हनलो.” तो अजून हसतच होता, लाडानं. “अन् तू थोडीच उघडून पाह्यनार होती?”

हे त्यानं तिला दुखवायला म्हटलं नव्हतं. त्यामुळंच ते खोलवर गेलं. वेशीवर ओवाळलं तो दिवस, कौतिकला सुनावलं तो दिवस, दरवर्षी आखाजीला त्याच्यासाठी जुळवलेल्या ओव्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेलं. तिच्या विश्वासावर त्यानं खिळा ठोकून घेतला होता. चार माणसांत फुकटात मिळालेला मोठेपणा त्यानं तिच्याच भाबडेपणातून काढला होता, आणि ते त्याला माहीत होतं. माहीत होतं, हेच सलत होतं.

“रस्त्यात चाक निसटलं असतं तं?”

“निसटलं का?”

कादरभाई उठून आत गेले. त्यांना काही हवं नव्हतं. भावाबहिणीच्या मध्ये आपण नसावं, एवढंच.

“कोकिळे, उशीर होते. उद्या साडेदहाचा नंबर लावला हाय. साक्षीदार येनार हायेत.”

“मी सही नही करनार.”

प्रेमराजला आधी कळलंच नाही. मग त्याच्या तोंडावरचं हसू गळून पडलं. “म्हंजे? ह्या चिंधीपायी?”

“हो.”

“तू चार मानसात शब्द दिला होता.”

“तूबी दिला होता. त्याच मानसात, त्याच दिवशी. पहिल्यांदा मीच बोलली होती, प्रेमराज. त्याच्यावर तू ट्रॅक्टर काढला. काही दिलं नसतं तरी मी सही केली असती. नुसतं म्हनला असता, ‘कोकिळे, माह्याकडं काही नही,’ तरी केली असती. तू ह्या चाकानं माही सही घेत होता.”

“जमिनीचा लोभ सुटला म्हन ना सरळ.” त्याचा आवाज चिरला. “लोकं हेच म्हनतीन. भाऊजीनं शिकवलं म्हनतीन.”

“म्हनू दे.”

“मंग माहेर तुटलं, ध्यानात ठेव. झोका नही, बोलावनं नही. वहिनी तोंड नही पाह्यनार तुहं.”

हे तो बोलणार हे तिला ठाऊक होतं. सही नाकारताना तिनं आधी तेच मोजून बघितलं होतं. माहेर म्हणून तिला त्या अंगणाखेरीज दुसरं होतं काय? तिथल्या लिंबाच्या सावलीचा आकारसुद्धा तिला दर घटकेचा पाठ होता.

“माहं नाव हाय तिथं,” ती म्हणाली. “बोलावन्याची वाट कशाला पाहू? येईन तव्हा माही मी येईन. एसटीनं.”

“पाहुनी म्हनून येशीन तं दार उघडं. हिस्सेदार म्हनून येशीन तं तुही तू पाह्य.”

“पाह्यते.”

तो गाडीकडं गेला. कोकिळाला वाटलं, तो आता बसेल, निघून जाईल. पण त्यानं डिकी उघडली. तिची बॅग दोन्ही हातांनी काढली, फेकली नाही, जपून खाली ठेवली. तिथंच, हबमधून सांडलेल्या तेल-ग्रीसच्या काळ्या डागावर. वेफर्सची पिशवी तिच्यावर ठेवली. मग परत उचलून घेतली. मग पुन्हा ठेवली. दार लावताना त्याचे डोळे भरलेले तिला दिसले, आणि त्याचाही तिला भरवसा वाटला नाही. सगळ्यात जास्त तुटलं ते तिथं. भावाचे डोळे भरून आले आणि बहिणीला ते खरे की खोटे कळेना.

पांढरी गाडी रस्त्याला लागली. उन्हानं डांबर पाण्यासारखं हलत होतं, त्यात ती थोडा वेळ तरंगली आणि गेली.

कादरभाई बाहेर आले. त्यांनी हब उचलून प्रकाशाकडं धरला, आतून अंगठा फिरवला.

“लेथवाला आज बुश करी दी. कटोऱ्या, बेरिंग, सील नवं आनसू. चाकना दांडालेबी चर पडी जायेल शे त्या चिंधीनी, त्यावर कडी बसाडनी पडी. दोन दिन लागतीन.” मग थांबून म्हणाले, “दुसरं चाकबी उघाडनं पडी, बहीन.”

“उघाडा.”

“त्यामाबी तेच व्हई.”

“मी देखसू. मन्हासमोर उघाडा.”

त्यांनी जॅक उजवीकडं सरकवला. टोपीवरचा लाल रंग इकडंही सांध्यावरून सलग होता. छन्नी लावण्याआधी त्यांनी मागं वळून बघितलं. “बॅग उचल ना, बहीन. खाले ऑइल शे.”

कोकिळानं वेफर्सची पिशवी बाजूला केली आणि बॅग उचलली. खालचं कापड ओलं, काळं होऊन हाताला चिकटलं. आत वहिनीसाठी घेतलेलं लुगडं होतं, भाच्यांचे कपडे, गौराईच्या पूजेची नवी काकणं. ती तिथंच स्टूलावर बसली, बॅग मांडीवर घेतली आणि चेन ओढून एकेक घडी बाहेर काढायला लागली, तेल कुठवर पोचलंय ते बघत.